किल्ली कोणाकडे? सोलापुरातल्या समाजमंदिरांची आणि त्यात चालणाऱ्या कामांची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या समाजमंदिरांमधून तीन कामं चालतात, किंवा चालावीत अशी मागणी तरी असते. लहान मुलांची बालवाडी आणि शाळा सुटल्यावरचा अभ्यासवर्ग, ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र, आणि ज्यांना रात्री पाठ टेकायला जागा नाही अशा कुटुंबांना तात्पुरता आसरा. सरकारी कागदावर या तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. मुलं महिला व बालविकास विभागाची, म्हातारी माणसं सामाजिक न्यायची, बेघर नगरविकासचे. शहराच्या पूर्व भागात, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, मात्र ही तिन्ही माणसं बऱ्याचदा एकाच दहा बाय दहाच्या खोलीत सापडतात. विडी वळणारी आई, तिची पोरं, गिरणीतून रिकाम्या हाताने बाहेर पडलेला सासरा. आणि चार महिने भाडं थकलं की हेच घर बोचक्यांसकट रस्त्यावर.

फार मागे जायचं तर १८७५ साली पंढरपुरात सुरू झालेल्या बालकाश्रमापर्यंत जाता येईल. टाकून दिलेली अर्भकं आणि निराधार विधवा यांच्यासाठी तो होता, आणि पाठोपाठ आलेल्या १८७६ च्या दुष्काळाने त्याची गरज किती होती ते दाखवून दिलं. खुद्द सोलापूर शहरात मुलांना सांभाळण्याची मोठी यंत्रणा उभी राहिली ती मात्र तारेच्या कुंपणाआड. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींना जिथे डांबलं गेलं, त्या मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक इथली. मोठ्यांनी हजेरी द्यायची आणि गिरणीत कामाला जायचं, मुलांनी सक्तीने शाळेत; काही मुलं आईबापांपासून तोडून वसतिगृहात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. मुलाचं भलं करायचं म्हणजे त्याला घरातून उचलायचं, ही सवय सरकारी योजनांना पुढेही बराच काळ सुटली नाही.

गिरण्यांचा इतिहास इथे कोणाला नव्याने सांगायला नको. एवढंच लक्षात ठेवायचं की जुनी मिल ही कापडगिरणी १९४९ मध्ये बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. कायद्याचे विद्यार्थी आजही मूलभूत हक्कांच्या धड्यात तो खटला शिकतात. कामगारांच्या पदरात त्यातून फार काही पडलं नाही. पुढे ही मिल कायमची बंद झाली, मग लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजीचेही भोंगे थांबले. गिरणी होती तोवर कारखाने अधिनियमानुसार पाळणाघराची अट तरी होती. पुरुष यंत्रमागावर गेले, बायका विडीकडे वळल्या, आणि ही अट कागदावर राहून माणसं तिच्या बाहेर गेली.

ती कशी गेली, हे विडीच्या कामाकडे जवळून पाहिलं की कळतं. विडी कामगारांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), त्यातही पाळणाघराची तरतूद होती. पण ती कारखान्याच्या आवारात बसून काम करणाऱ्या बायकांसाठी. सोलापुरातली बाई कारखान्यात जाते ती पान, तंबाखू आणि धागा आणायला, आणि वळलेला माल जमा करायला. काम होतं घरी. पान भिजवायचं, फडक्यात गुंडाळून ठेवायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायचं, मग मांडीवरच्या सुपात वळायचं. हजाराचा हिशोब पुरा व्हायचा असेल तर विडीची टोकं दुमडायला मुलीचे बारीक हात लागतातच. माल तपासताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून आई पुन्हा पुन्हा पोरीलाच हाक मारते. अशा घरातलं मूल बालकामगार आहे की आईला मदत करणारं शहाणं लेकरू, यावर तपासनीस आणि आई यांचं कधी एकमत झालेलं नाही.

राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प देशात १९८८ मध्ये आला आणि नव्वदच्या दशकात सोलापूर जिल्ह्यात पोचला. आजच्या केंद्रांची खरी जडणघडण इथे झाली असं माझं मत आहे, आणि या काळाला मी जास्त जागा देतोय हे उघडच आहे. या प्रकल्पाच्या वर्गांना इमारत नव्हती. म्हणून समाजमंदिर, देवळाचा मंडप, कोणाच्या तरी घराचा पुढचा सोपा, जे मिळेल ते घेतलं गेलं. शिकवणाऱ्या बायका वस्तीतल्याच. तेलुगू आणि कन्नड येणाऱ्या, कारण पहिलीत बसलेल्या मुलाला मराठी परकीच होती. मुलांचं विद्यावेतन सुरुवातीला महिन्याला १०० रुपये, मग १५०, शेवटी २०१७ मध्ये ४००. ५ ते ८ वर्षांची मुलं थेट शाळेत घालायची आणि ९ ते १४ वयोगटाला आधी या वर्गात तयार करायचं, अशी पद्धत होती. १ एप्रिल २०२१ पासून हा प्रकल्प समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. त्यातून मुलांचा प्रश्न शाळेकडे गेला खरा, पण संध्याकाळी पाच ते आठ ही मुलं कुठे असतात, हा प्रश्न शाळेचा नाही. अंगणवाडी तर त्याच्याही आधी, दुपारीच आटोपते. संध्याकाळचा अभ्यासवर्ग हे त्या प्रकल्पाचं उरलेलं अंग, ज्याला आता कोणतंही अंदाजपत्रकी शीर्ष नाही.

ज्येष्ठांचं प्रकरण त्या मानाने सरळ आहे आणि म्हणूनच जास्त दुर्लक्षित. कामगारांची निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ची. त्याआधी १९७१ ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना होती, पण ती कामगार गेल्यावर विधवेला मिळायची. जिवंत म्हाताऱ्याला त्यातून दरमहा काही नाही. म्हणजे ज्यांची गिरणी १९९५ च्या आधी सुटली, त्यांच्या हातात फंडाची रक्कम आली आणि ती मुलीच्या लग्नात गेली. यंत्रमागावर राबलेल्या अनेकांचं तर नावच कुठल्या हजेरीपटावर नव्हतं. उरतं ते श्रावणबाळ योजनेचं मानधन, २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये. त्याला वय ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. महिन्याला १,७५० रुपये! घरात एक जण जरी कामावर असला तरी हा आकडा ओलांडला जातो, म्हणून म्हातारा-म्हातारीचं रेशनकार्ड वेगळं काढायचं आणि राहायचं त्याच खोलीत. पेठापेठांतून हा उपाय सगळ्यांना पाठ आहे, अर्ज लिहून देणाऱ्यांनाही. विरंगुळा केंद्र ही कल्पना पेन्शनर माणसाला डोळ्यासमोर ठेवून आखलेली. वर्तमानपत्र, कॅरम, वाढदिवस. पूर्व भागातल्या म्हाताऱ्याला तिथे हवं असतं रक्तदाब तपासणारं कोणीतरी, अर्ज लिहून देणारं कोणीतरी, आणि दुपारभर पाठ टेकता येईल अशी फरशी. घरात त्या वेळी पानं पसरलेली असतात.

आता मुख्य गाठीकडे. समाजमंदिरांच्या भाड्याचं प्रकरण बाहेरून कंटाळवाणं दिसतं, पण तिन्ही कामांचं भवितव्य त्यात अडकलं.

१९९२ च्या हद्दवाढीने शहर पाचपटीहून मोठं झालं. नव्या वस्त्यांत रस्ते, ड्रेनेज यायचे तेव्हा आले, समाजमंदिरं मात्र लवकर आली. १९९३ च्या अखेरीस खासदार निधी सुरू झाला होता, आमदार निधी होताच, दलित वस्ती सुधारणेचे पैसे होते. समाजमंदिर हे काम सोपं: जागा थोडी लागते, वर्षात उभं राहतं, कोनशिला बसते. निधी बांधकामाला मिळायचा. चालवायला, झाडायला, दिव्याचं बिल भरायला नाही. बांधून झाल्यावर वास्तू महापालिकेची व्हायची आणि किल्ली वस्तीतल्या कोणाकडे तरी जायची. महिला मंडळ, तालीम, ट्रस्ट, कधी नुसतेच माजी नगरसेवक. करार कुठे नाममात्र भाड्याचा, कुठे करारच नाही. बालवाड्या आणि अभ्यासवर्ग याच फटीत वाढले. आणि हेही खरं की त्याच फटीत लग्नाची जेवणावळ, पक्षाचं कार्यालय आणि कुलूप लावून ठेवलेलं मंडपाचं सामानही वाढलं.

महापालिका अधिनियमाचं कलम ७९ सांगतं की महापालिकेची मालमत्ता चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. वर्षानुवर्षं हे कलम समाजमंदिरांच्या बाबतीत कोणी फारसं वाचलं नाही. २०१९ मध्ये राज्याने भाडेपट्ट्याचे नियम केले आणि वार्षिक भाडं बाजारमूल्याच्या ८ टक्क्यांपेक्षा कमी नसावं असं ठरवलं. नजरेसमोर होते महापालिकेचे दुकानगाळे आणि मोक्याचे भूखंड, जे खरोखर कवडीमोलाने वापरले जात होते. गाळ्यांच्या भाड्यावरून झालेलं रणकंदन सोलापूरकरांच्या लक्षात असेलच. पण नियमाची दोरी सगळ्यांच्या गळ्यात सारखीच पडली. समजा एखाद्या समाजमंदिराचं रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, मूल्य ४० लाख रुपये धरलं. ८ टक्क्यांनी वर्षाचं भाडं होतं ३ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या वर. ज्या मंडळाची बालवाडी मुलामागे पन्नास-शंभर रुपयांवर चालते, त्याने हे कुठून आणायचं?

लेखापरीक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की फुकट दिलेल्या वास्तूवर कोणाचा तरी कब्जा होतो, आणि एकदा भाडं लावलं की खोटी मंडळं आपोआप गळतात. प्रत्यक्षात उलटंच होतं. ज्यांच्याकडे करार आहे त्यांनाच नोटीस जाते. कुलूप लावून बसलेल्याचा कागदच नसतो, तर नोटीस कोणाच्या नावाने काढणार? शिवाय बाजारमूल्य म्हणजे बाजारात विकलं तर येणारी किंमत. समाजमंदिर विकता येत नाही, त्यावर मजला चढवून भाडेकरू ठेवता येत नाहीत. त्याला बाजारमूल्य लावणं हा निव्वळ हिशोबाचा खेळ आहे. बरं, या सगळ्यात २०२० उजाडलं, टाळेबंदी आली, शाळा आणि सभागृहं बाहेरगावच्या मजुरांच्या मुक्कामासाठी उघडली गेली, आणि तेव्हा भाड्याचा दर कोणी विचारला नाही.

२०२३ मध्ये नियम सुधारले. निवासी, शैक्षणिक, धर्मादाय आणि सार्वजनिक कारणासाठी किमान दर ०.५ टक्के, व्यापारी आणि औद्योगिक वापरासाठी ०.७ टक्के. वरच्याच उदाहरणात वर्षाचे २०,००० रुपये. महिन्याला सतराशेच्या आत. परवडणारं आहे. फक्त हा ‘किमान’ दर आहे, प्रत्यक्ष दर ठरवणं महापालिकेच्या हातात. आणि धर्मादाय म्हणून सवलत मागायची तर नोंदणी, लेखे, ठराव, सगळी चळत लागते. वस्तीतलं आठ-दहा बायकांचं मंडळ इथे मागे पडतं आणि शहरातला मोठा ट्रस्ट पुढे येतो. किल्ली पुन्हा वस्तीबाहेर जाते, या वेळी कायदेशीरपणे.

बेघरांच्या निवाऱ्याचा धागा वेगळ्या दिशेने आला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निवाऱ्याचा मुद्दा घेतला आणि दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, चोवीस तास उघडा निवारा हे प्रमाण ठरलं. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. म्हणजे शंभर जणांचे नऊ ते दहा निवारे हवेत. योजनेत माणशी ५ चौरस मीटर जागा आणि एका निवाऱ्यात किमान ५० माणसं धरलेली. म्हणजे २५० चौरस मीटर. पेठेतलं साधं समाजमंदिर शंभर चौरस मीटरचं असलं तरी त्यात या हिशोबाने वीसच माणसं मावतात, म्हणून ते योजनेत बसतच नव्हतं. थंडीत किंवा पावसात तिथे जे लोक झोपतात ते योजनेच्या खात्यात कधी आले नाहीत.

कुटुंबांची अडचण आणखी निराळी. मार्गदर्शक सूचनांत कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्याला जागा आहे, पण एकच इमारत असली की पुरुषांचा हॉल आणि बायकांचा हॉल अशी विभागणी होते. बारा वर्षांचा मुलगा कुठे जाणार? आई त्याला अनोळखी पुरुषांत पाठवत नाही. मग ते घर स्टेशनबाहेर किंवा एसटी स्टँडच्या कडेला एकत्र झोपणं पसंत करतं आणि निवाऱ्याच्या नोंदवहीत खाटा रिकाम्या दिसतात. रिकाम्या खाटा म्हणजे गरज नाही, असा शेरा मारायला वेळ लागत नाही. चालवण्याचा खर्चही योजनेतून पाच वर्षांपुरताच मिळायचा. पुढचा भार राज्य आणि महापालिकेवर.

अलीकडचं मोठं स्थित्यंतर कुंभारीचं. विडी कामगार बायकांची १० हजार घरं १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली, आणि त्याच परिसरातल्या ३० हजार घरांच्या नव्या वसाहतीपैकी १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी. हक्काचं घर मिळालं, हे छोटं काम नव्हे. त्यामागे बायकांच्या कित्येक वर्षांच्या मोर्च्यांची पुण्याई आहे. मात्र कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते, महापालिकेच्या हद्दीबाहेर. शहरातली अंगणवाडी, विरंगुळा केंद्र, निवारा यांची गणितं तिथे लागू नाहीत. मुलं ग्रामीण बालविकास प्रकल्पात मोजली जातात आणि सार्वजनिक वास्तूंसाठी ग्रामपंचायतीकडे जावं लागतं. काही घरांत सून आणि मुलं नव्या घरी गेली, सासरा मात्र दवाखाना आणि ओळखीची माणसं जवळ आहेत म्हणून जुन्या पेठेतल्या भाड्याच्या खोलीतच राहिला. त्याचं वेगळं रेशनकार्ड आता खरोखरच वेगळं झालं आहे.