‘आधीचा विनोद स्वच्छ होता’ : एक खुलासा

लातूर असो की परभणी, पारावर एक वाक्य ठरलेलं: आधीचे विनोदी सिनेमे स्वच्छ होते, आता सगळा चावटपणा. हे खरं नाही. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ 1971 चा. त्यांच्या सिनेमांतल्या द्व्यर्थी संवादांवर थिएटरं भरत होती. लक्ष्मण देशपांडे मात्र ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्रीत एकटेच 52 पात्रं उभी करत, तीही मराठवाडी बोलीत. दोन्ही धारा तेव्हाही सोबतच होत्या.

मग आज कमी काय पडतं? बहुतेकदा मांडणी.

हा संवाद घ्या: “टँकर आला का?” “आलाय की. उभाय, पाण्याची वाट बघत.” कलाटणी शेवटी आहे. “पाण्याची वाट बघत उभाय” केलं की ती आधीच फुटते अन् वाक्य लंगडं होतं. नाटकात नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. सिनेमात ती जागा संकलकाला आधीच सोडावी लागते. ऐकणाऱ्याचा गप्प चेहरा दीड सेकंद, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने 36 फ्रेम, पुरे. त्याऐवजी तिथं ‘टँव’ असा आवाज वाजवतात. इथंच माती होते.

दुसरी चूक बोलीची. “कामून” (म्हणजे ‘का’) म्हटलं की हसायचं, असं लेखक धरून चालतात. बीडच्या प्रेक्षकाला त्यात काय नवं? तो घरी तेच बोलतो.