लॅपटॉपची स्क्रीन सांभाळण्याच्या सवयी आल्या कुठून?

२००५च्या सुमारास लॅपटॉपची स्क्रीन अचानक काळी पडली, तर दुरुस्ती करणारा आधी काचेवर तिरका टॉर्च मारून बघायचा. अंधुक अक्षरं दिसली, की पॅनेल शाबूत आहे आणि गेलाय तो मागचा दिवा किंवा त्याला वीज पुरवणारा आतला छोटा इन्व्हर्टर, हे तिथल्या तिथे कळायचं. स्क्रीन जपण्याचे बहुतेक सल्ले या दिव्याभोवतीच तयार झाले.

तेव्हाच्या लॅपटॉपची स्क्रीन एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकांची (लिक्विड क्रिस्टलची). हे द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागून येणारा प्रकाश ते अडवतात किंवा सोडतात. १९९२ मध्ये आयबीएमचा थिंकपॅड ७००सी १०.४ इंची रंगीत स्क्रीन घेऊन आला, तेव्हा आणि पुढची पंधराएक वर्षं हा प्रकाश यायचा एका फ्लुरोसंट नळीतून. पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक, आत पारा, चालवायला शेकडो व्होल्ट. नळी थकली, की मशीन सुरू करताना स्क्रीन लालसर दिसायची आणि मग हळूहळू पांढरी व्हायची. ब्राइटनेस उतरवा, काम नसेल तर झाकण मिटा, हा सल्ला नळीचे तास वाचवण्यासाठी होता आणि अगदी रास्त होता.

स्क्रीनसेव्हरचं तसं नाही. तो जन्मला सीआरटी, म्हणजे जुन्या खोक्यासारख्या मॉनिटरसाठी. त्यावर तोच मजकूर तासन् तास राहिला, तर काचेला आतून असलेला फॉस्फरचा, म्हणजे उजळणाऱ्या पदार्थाचा, लेप तिथे झिजून कायमचा डाग पडायचा. १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला: काही मिनिटं कळ दाबली नाही, की स्क्रीन काळी. एलसीडीवर मात्र स्क्रीनसेव्हरच्या नाचत्या नक्षीचा काही उपयोग नव्हता, नळी मागे जळतच राहायची. तरी कित्येक ऑफिसांत ती नक्षी रात्रभर चालू असे.

स्क्रीन मागेपुढे कलवून नेमका कोन शोधायची सवयही टीएन या जुन्या प्रकारच्या एलसीडी पॅनेलची. जरा खालून पाहिलं की रंग उलटे दिसत. हा कोन रुंदावण्यासाठी पॅनेलवर लावायच्या पातळ पापुद्र्यात (फिल्ममध्ये) चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक वापरले गेले. त्यांचा शोध १९७७ मध्ये बेंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी लावला. आपल्याकडे हे आवर्जून सांगायला हवं.

ॲपलने २००७ मध्ये १५ इंची मॅकबुक प्रोत नळीऐवजी एलईडी बसवले, आणि काही वर्षांतच नळी मागे पडली. एलईडी सहसा एकदम जात नाहीत, मंदावत जातात, आणि उष्णतेने लवकर मंदावतात. पण सुटी नळी बदलता यायची, एलईडीची पट्टी गेली की बहुधा सगळं पॅनेलच बदलतात.

ओलेड या नव्या प्रकारच्या स्क्रीनमध्ये तर वेगळा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, स्वतः झिजतो, त्यातही निळा सर्वांत आधी. टास्कबारसारखी न हलणारी पट्टी डाग सोडू शकते, म्हणून काही लॅपटॉप चित्र अधूनमधून किंचित सरकवतात. झिजलेला ठिपका बदलता येत नाही. त्यामुळे टास्कबार लपवणं, गडद थीम लावणं, दोन-तीन मिनिटांत स्क्रीन बंद होईल असं सेटिंग करणं, ही कामं आता पहिल्या दिवसापासून वापरणाऱ्याकडेच आली आहेत.