संमोहन उपचार: घ्यावेत का, आणि कोणाकडून?

बदलापूरहून रोज सीएसएमटीला जाणाऱ्या माणसाला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, हा आतड्यांचा चिवट त्रास असेल तर त्याचा दिवस घड्याळापेक्षा पोटाच्या तंत्रावर अधिक चालतो. लोकलच्या डब्यात शौचालय नसते. त्यामुळे कोणत्या स्थानकावरचे शौचालय कोणत्या फलाटाच्या कोणत्या टोकाला आहे आणि ते कितपत वापरण्याजोगे असते हे त्याला तोंडपाठ असते, आणि जलद गाडी समोर उभी असतानाही तो मुद्दाम धिमी गाडी पकडतो, कारण ती प्रत्येक स्थानकावर थांबते. रक्ततपासणी, सोनोग्राफी, प्रसंगी कोलोनोस्कोपी असे सगळे अहवाल चांगले येतात, औषधांनी थोडे दिवस बरे वाटते आणि पुन्हा मूळ पदावर गाडी येते. अशा वेळी पोटविकारतज्ज्ञांनीच ‘एकदा हिप्नोथेरपीचा, म्हणजे संमोहन उपचाराचा, विचार करून पाहा’ असे सुचवले, तर डॉक्टरांनी हात टेकले, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या सल्ल्यामागे बऱ्यापैकी भक्कम संशोधन आहे.

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे पीटर व्हॉरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दीर्घकाळ औषधांना दाद न देणाऱ्या 30 आयबीएस रुग्णांवर एक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. एका गटाला संमोहन उपचार आणि दुसऱ्या गटाला मानसोपचारासोबत औषधी द्रव्य नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि पहिल्या गटातील सुधारणा ठळकपणे अधिक दिसली. तीस हा आकडा लहानच आहे, परंतु त्यानंतर इतरत्र झालेल्या चाचण्यांतूनही लाभ दिसत गेला. आज ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था, जी तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवते, 12 महिने औषधे घेऊनही गुण न आलेल्या आयबीएस रुग्णांसाठी ज्या मानसशास्त्रीय उपचारांचा विचार करावा असे म्हणते, त्यांत संमोहनाचा समावेश करते.

या उपचारात प्रत्यक्ष घडते काय, हे पाहिले की त्यातले गूढ पुष्कळसे ओसरते. रुग्ण साध्या आरामखुर्चीत बसतो, एखाद्या बिंदूवर नजर स्थिर करतो, श्वास संथ होत जातो आणि उपचारक एका लयीत बोलत त्याचे लक्ष बाहेरच्या आवाजांकडून आत वळवतो. मग रुग्णाला तळहात पोटावर ठेवायला सांगितले जाते आणि त्या हाताची ऊब आत झिरपते आहे, आतड्यांची हालचाल संथ नदीसारखी होते आहे, अशी कल्पना करायला सांगितली जाते. अर्ध्या-पाऊण तासाने तो डोळे उघडतो आणि बहुतेक वेळा त्याला सगळे बोलणे आठवत असते. तो झोपलेला नसतो, बेशुद्ध नसतो आणि नको असेल तर कोणत्याही क्षणी उठून जाऊ शकतो. अशा सात ते बारा बैठका होतात आणि मधल्या दिवसांत ध्वनिमुद्रण ऐकून घरी सराव करायचा असतो. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्ही आणि कुकरची शिट्टी यांच्यामधून रोजची वीस मिनिटे शांतता मिळवणे हाच या उपचारातला सर्वांत कठीण भाग आहे, असे मला वाटते.

हे नुसते ‘मनाचे खेळ’ आहेत का, असा प्रश्न उरतोच. मॉन्ट्रियल येथील पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांचा 1997 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे फार उपयोगी पडतो. त्यात स्वयंसेवकांचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवला गेला आणि संमोहनातून त्यांना वेदना अधिक नकोशी किंवा कमी नकोशी वाटेल अशा सूचना दिल्या गेल्या. पाण्याचे तापमान तेच होते आणि वेदना किती तीव्र आहे याचे त्यांचे मोजमापही फारसे बदलले नाही, पण ती किती त्रासदायक वाटते ते बदलले. त्याच प्रमाणात मेंदूच्या अँटेरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागातली हालचालही बदलली, आणि स्पर्श-वेदनेची प्राथमिक नोंद घेणारा भाग मात्र जवळजवळ तसाच राहिला. सूचनेचा परिणाम असा मेंदूच्या चित्रणात वेगळा काढून दाखवता येतो. तेव्हा ‘मनाचे खेळ’ म्हणून तो उडवून लावता येत नाही, आणि त्याला दैवी शक्ती मानण्याचेही कारण उरत नाही.

तरीही हा उपचार सर्वांना सारखा लागू पडत नाही, आणि जाहिरातींत नेमके हेच सांगितले जात नाही. सूचना स्वीकारण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते. ती मोजण्याच्या प्रमाणित चाचण्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 1959 पासून विकसित होत गेल्या, आणि प्रौढपणी ही क्षमता वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही असे दिसून आले. ढोबळमानाने दहापैकी एखाद-दुसरा माणूस फार चांगला प्रतिसाद देतो, जवळपास तितकेच लोक जेमतेम देतात आणि उरलेले मधल्या पट्टीत असतात. प्रयोगशाळेतील वेदनेसंबंधीच्या 85 नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. थेट वेदनाशमनाच्या सूचना दिल्यावर चांगला प्रतिसाद देणाऱ्यांची वेदना सुमारे 42 टक्के आणि मध्यम प्रतिसाद देणाऱ्यांची सुमारे 29 टक्के कमी झाल्याचे त्यात आढळले. म्हणजे मधल्या पट्टीतल्या सामान्य माणसालाही आशा आहे, पण ‘शंभर टक्के गुण’ असे लिहिणारा एकतर हे वाचलेला नाही किंवा वाचून लपवतो आहे.

आयबीएस, शस्त्रक्रिया किंवा तपासणीच्या वेळची वेदना आणि धास्ती, रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून निघणाऱ्या वाफा, या ठिकाणी संमोहनाच्या बाजूने चांगला पुरावा आहे. सिगारेट सोडण्याच्या बाबतीत, जिथे जाहिराती सर्वांत जोरदार असतात, कॉक्रेन या संस्थेने 2019 मध्ये घेतलेल्या आढाव्यात इतर उपायांपेक्षा संमोहन सरस असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. पूर्वजन्माच्या आठवणी जागवण्याला तर वैज्ञानिक आधारच नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे संमोहनात ‘दडलेल्या आठवणी’ उकरून काढण्याचा प्रयत्न. त्या अवस्थेत न घडलेल्या गोष्टींच्या आठवणीही तयार होऊ शकतात आणि माणूस त्या खऱ्याच समजून ठामपणे सांगतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1985 मध्येच अशा आठवणींच्या विश्वासार्हतेबद्दल इशारा दिला होता. ‘तुमच्या त्रासाचे मूळ बालपणातल्या एका प्रसंगात आहे, तो आपण शोधून काढू’ असे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्याकडून निघून यावे. अशा शोधातून घरातल्याच एखाद्या निरपराध माणसावर बालंट आल्याची उदाहरणे परदेशात न्यायालयापर्यंत गेली आहेत.

निर्णयाआधीची पहिली पायरी निदानाची आहे. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, अचानक सुरू झालेली तीव्र डोकेदुखी किंवा छातीत दुखणे अशी लक्षणे असताना संमोहनाने वेदना दबली, तर मूळ रोग तसाच वाढत राहतो. भास होणे, संशयविकार किंवा उन्मादाची अवस्था असणाऱ्यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय या वाटेला जाऊ नये. खासगी तज्ज्ञांचे शुल्क परवडत नसेल तर परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक या महापालिका रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे. तेथे रांग मोठी असते, पण अल्प खर्चात निदान पक्के होऊ शकते.

आता प्रश्न उपचारकाचा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर 2003 मध्ये काढलेल्या आदेशात संमोहन उपचाराला स्वतंत्र वैद्यकपद्धती न मानता केवळ उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली. ही रीत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी वापरावी आणि ‘डॉक्टर’ हे बिरुद मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींच्या व्यावसायिकांपुरते राहावे, असे त्यात म्हटले होते. ‘योग्य प्रशिक्षण’ या दोन शब्दांत फट आहे आणि शनिवार-रविवारचे अभ्यासक्रम त्याच फटीतून आत आले आहेत. दादरच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या क्लिनिकच्या भिंतीवर सोनेरी शिक्क्याची चौकट दिसली तर तिच्यातला मजकूर जवळ जाऊन वाचावा. ‘सर्टिफाइड क्लिनिकल हिप्नोथेरपिस्ट’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात, प्रमाणपत्र देणारी संस्था बहुधा खासगी असते, प्रशिक्षण किती तासांचे होते ते लिहिलेले नसते आणि नोंदणी क्रमांक म्हणून जो आकडा असतो तो त्या संस्थेच्या स्वतःच्या वहीतला असतो. त्या आकड्याला कायद्याच्या दृष्टीने काहीही वजन नाही.

म्हणून माझी कसोटी एकच आहे: ज्या त्रासासाठी आपण जाणार, त्या त्रासावर संमोहनाशिवाय उपचार करण्याची पात्रता या व्यक्तीकडे आहे का? नैराश्यासाठी किंवा भीतीच्या विकारासाठी जायचे असेल तर समोर एम.डी. किंवा डी.पी.एम. झालेले मनोविकारतज्ज्ञ असावेत, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावेत. मानसशास्त्रातील एम.ए. ही चांगली पदवी आहे, पण केवळ तिच्या बळावर कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठरत नाही. त्यासाठी परिषदेने मान्य केलेले एम.फिल. किंवा तत्सम पुढचे प्रशिक्षण लागते. दंतवैद्य आपल्याच खुर्चीवर बसलेल्या घाबरट रुग्णासाठी संमोहन वापरत असेल तर ते योग्यच आहे. त्याच दंतवैद्याने नैराश्यावर उपचार सुरू केले तर ते योग्य नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते.

भेटीची वेळ ठरवण्यापूर्वी फोनवर दोन-चार प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. ‘माझ्यासारख्या तक्रारीवर आपण किती काळ काम करता आहात, साधारण किती बैठका लागतील, गुण आला नाही तर पुढे काय करायचे, आणि माझ्या डॉक्टरांशी आपण बोलाल का?’ एवढे पुरते. जाणकार उपचारक या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच तुम्हाला जुने अहवाल घेऊन यायला सांगतो आणि चालू औषधांची यादी मागतो. ‘औषधे आजपासून बंद करा’, ‘दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरले तर सवलत देऊ’, ‘एकाच बैठकीत काम होईल’ यांपैकी एकही वाक्य ऐकू आले तर फोन ठेवून द्यावा. बैठक मराठीत होईल का, हेही विचारावे. सूचना ज्या भाषेत आपण स्वतःशी बोलतो त्या भाषेत असलेल्या बऱ्या, आणि मुंबईत हा पर्याय सहज मिळू शकतो.

पहिल्या बैठकीला घरचे कोणी सोबत नेणे, दार लोटलेले पण कडी न लावलेले ठेवायला सांगणे, आणि बैठकीचे ध्वनिमुद्रण मागणे यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. ध्वनिमुद्रण सरावासाठी लागतेच. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा आणि आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 ने दिला आहे.

तक्रारींची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. पोटदुखीचे दिवस किती, शौचाच्या फेऱ्या किती, त्यापायी बुडालेली कामे किती, एवढे लिहिले तरी चालते. चार-पाच बैठकांनंतर वहीत काहीच फरक दिसत नसेल तर उपचारकाशी मोकळेपणाने बोलावे आणि बैठका थांबवण्यात कमीपणा मानू नये. गैरवर्तन झाले तर नोंदणीकृत डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध पुनर्वास परिषदेकडे तक्रार करता येते. ज्याची नोंदणीच नाही त्याच्याविरुद्ध असे दार उपलब्ध नसते. तेथे ग्राहक आयोग किंवा पोलीस ठाणे एवढेच मार्ग उरतात, आणि ग्राहक आयोगात पहिला कागद मागतात तो पैसे भरल्याच्या पावतीचा. ती प्रत्येक बैठकीनंतर मागून घ्यावी.