भिंत ओलांडायची तर तारेने

जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल, रावेरकडच्या जुन्या धाब्याच्या घरात इंटरनेटच्या फायबरची तार येते ती पुढच्या खोलीत, आणि राउटरही तिथेच खिळ्याला टांगला जातो. मधल्या घरात वायफायची रेंज निम्मी, मागच्या खोलीत व्हिडिओ नुसता गोल फिरत बसतो. यात राउटरचा दोष बहुधा नसतो. मातीच्या जाडजूड भिंती रेडिओलहरी शोषतात; पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की आणखीच. उन्हाळ्यात कूलरची भर पडते. त्याचा पत्रा लहरी परतवतो आणि आतलं पाणी त्या शोषतं. राउटर आणि पलंग यांच्या मधोमध कूलर असेल तर आधी तो सरकवून बघा, खर्च शून्य.

वायफायचे मुख्य पट्टे (फ्रिक्वेन्सी बँड) दोन. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झची ६. दुसरा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो.

अशा वेळी दुकानदार चार अँटेनांचा मोठा राउटर पुढे करतो. पण इंटरनेट हे दोन्ही बाजूंनी चालणारं बोलणं आहे. राउटरचा आवाज मागच्या खोलीत पोचला, तरी फोनचं क्षीण उत्तर परत पोचायला हवं ना? रेंजच्या काड्या भरलेल्या आणि पान मात्र उघडत नाही, याचं एक कारण हेच.

रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, स्वस्त असतो. मात्र साध्या रिपीटरमध्ये ऐकायला आणि पुढे सांगायला रेडिओ एकच, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात! जिथे अजून बरी रेंज आहे, तिथेच तो लावायचा. मेश संच (एकच वायफाय मिळून पसरवणारे दोन-तीन डबे) अधिक हुशार खरे, पण तारेविना जोडले तर त्यांनाही तीच भिंत ओलांडावी लागते.

माझं मत सरळ आहे: भिंत तारेने ओलांडा. लॅन केबल (राउटरला जोडायची नेटवर्कची तार) १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे बहुतेक वाड्यांना पुरते. दुसऱ्या टोकाला जुना राउटरही चालतो. त्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (तारेने आलेलं इंटरनेट नुसतं वायफायवर पसरवायची सोय) असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, बदला (पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी (फोनांना असे पत्ते आपोआप वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट येतं त्या भोकात) नाही, लॅनच्या भोकात घाला. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिलं तर पत्ते वाटणारे दोघे होतात आणि गोंधळ उडतो. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. कुठल्या राउटरला जोडायचं ते फोन ठरवतो. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हीच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, तेव्हा एकाला १ आणि दुसऱ्याला ६ द्या.

केबल धाब्यावरून न्यायची असेल तर बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची आणि अस्सल तांब्याची घ्या. घरात वापरायच्या केबलचं आवरण जळगावच्या उन्हात तडकतं. दुसरा राउटर पत्र्याच्या छपराखाली मात्र लावू नका. मे महिन्यात तिथे तो तापून बंद पडायला वेळ लागत नाही.