किरणोत्सर्गी इजा : आरोग्यसेवकांचे आपत्कालीन प्रशिक्षण (सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात)

किरणोत्सर्गी पदार्थाच्या अपघातात सापडलेला रुग्ण ओळखणे, त्याचा जीव वाचवणे, अंगावर बसलेले किरणोत्सर्गी कण उतरवणे आणि त्याला पुढच्या उपचारांना लावणे, यासाठी डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक, वॉर्डबॉय व सफाई कामगार यांना दिले जाणारे शिक्षण.

सोलापूरजवळ अणुवीज केंद्र नाही. राज्यातले केंद्र पालघर जिल्ह्यात तारापूरला आहे. पण जगातले अनेक जीवघेणे अपघात वीजकेंद्रांत झालेले नाहीत, तर हरवलेल्या किंवा भंगारात गेलेल्या किरणस्रोतांमुळे झाले आहेत. असे स्रोत कर्करोगाच्या उपचारात आणि वेल्डिंगची तपासणी करणाऱ्या औद्योगिक रेडिओग्राफीत वापरले जातात. जिल्ह्यात बार्शीला कर्करोग रुग्णालय आहे, फताटेवाडी-आहेरवाडीला १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, बॉयलर चालवणारे साखर कारखाने आहेत; अशा ठिकाणी वेल्डिंगची ही तपासणी लागू शकते. स्रोतांची ने-आण होऊ शकेल असा पुणे–हैदराबाद महामार्गही सोलापूरवरूनच जातो. त्यामुळे हा विषय फक्त मुंबई-तारापूरचा मानणे धोक्याचे आहे.

१९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या उपचारकेंद्रातून सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाचा स्रोत भंगारात गेला. आजारी पडलेल्या लोकांना उलट्या, जुलाब होत होते, कातडीवर फोड येत होते. डॉक्टरांना आधी वेगळ्याच रोगांची शंका आली. खरे कारण कळेपर्यंत दोन आठवडे उलटले. चौघांचा मृत्यू झाला. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात असेच घडले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातला कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू तिथे फोडला गेला आणि एका कामगाराचा जीव गेला. दोन्हीकडे अडले ते ओळखण्यापाशी. म्हणून प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ बाह्यरुग्ण विभागात विचारायच्या प्रश्नांना द्यायला हवा : भाजल्याचे आठवत नसताना हाताला फोड आले का? कुठली जड धातूची वस्तू हाताळली, खिशात ठेवली? सोबत काम करणाऱ्यांनाही त्रास होतो आहे का? सोलापुरात हे प्रश्न तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या रुग्णालाही नीट कळले पाहिजेत.

दुसरा धडा भीती घालवण्याचा. बाहेरून किरणांचा मारा झालेला, पण अंगावर कण नसलेला रुग्ण इतरांना बाधा करत नाही. एक्स-रे काढून आलेल्या माणसापासून घरच्यांना अपाय होत नाही, तसेच हे. अंगावर कण असले तरी रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा करणे ही कामे किरणोत्सर्गाच्या मोजणीसाठी थांबवायची नसतात. दुहेरी हातमोजे, मास्क, गाऊन आणि डोसिमीटर (अंगाला बसलेला किरणांचा मारा मोजणारे छोटे उपकरण) एवढ्या तयारीने कर्मचारी सुरक्षितपणे काम करू शकतात. गरोदर कर्मचाऱ्यांना मात्र या पथकात घेत नाहीत.

कण उतरवताना कपडे काढणे हेच मोठे काम. त्यानेच बहुतांश कण जातात. कपडे न झटकता कापून, गुंडाळून, पिशवीत बंद करून ठेवतात. मग आधी जखमा, नंतर नाक-तोंड-डोळे, शेवटी उरलेली कातडी कोमट पाण्याने व साबणाने, न खरवडता धुतात. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा ओल्या कापडाने पुसून घेण्याचा सरावही इथे करायलाच हवा. एप्रिल-मेच्या उन्हात अंगभर संरक्षक पोशाख घालून फार वेळ उभे राहता येत नाही. पाळ्या लहान ठेवाव्या लागतात.

किती मारा बसला याचा पहिला अंदाज महागड्या यंत्राशिवायही बांधता येतो. मारा झाल्यापासून तासाभरात उलट्या सुरू झाल्या तर संपूर्ण शरीराला चार ग्रेपेक्षा (ग्रे हे शरीरात शोषलेल्या किरणमात्रेचे एकक) जास्त मात्रा मिळाल्याची शंका घेतात. पहिले दोन दिवस दर काही तासांनी रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी मोजतात. त्या जितक्या झपाट्याने घटतील तितकी इजा गंभीर. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती शक्यतो पहिल्या ४८ तासांत उरकतात, कारण पुढे रक्तपेशी घटून जखम भरत नाही, जंतुसंसर्ग बळावतो. औषधांबाबत गैरसमज बरेच आहेत. पोटॅशियम आयोडाइड फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून थायरॉइडला वाचवते. भंगारातल्या कोबाल्ट-सीझियमवर त्याचा काही उपयोग नाही. पोटात गेलेल्या सीझियमवर प्रशियन ब्लू हे औषध देतात.

देशात किरणोत्सर्गी स्रोतांचे परवाने व सुरक्षा अणुऊर्जा नियामक मंडळ पाहते; राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये आण्विक व किरणोत्सर्गी आणीबाणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तज्ज्ञ मदत मात्र मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडून किंवा पुण्याजवळच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तळावरून येणार. पुणे इथून सुमारे अडीचशे किलोमीटर. तोवरचे तास सिव्हिल हॉस्पिटलचे, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयाचे, आणि तालुक्याच्या रुग्णालयांचे असतात. क्ष-किरण विभागातल्या तंत्रज्ञांना टीएलडी बॅज (मिळालेली किरणमात्रा नोंदवणारा, अंगावर लावायचा बिल्ला) नवा नसतो. अपघात विभागाला शिकवण्याची सुरुवात त्यांच्यापासून करणे सोपे पडते.

गर्दीची तयारी सहसा मागे पडते. गोयानियात एक लाखाहून जास्त लोक तपासून घ्यायला आले. बाधा आढळली २४९ जणांना. आषाढी वारीत लाखोंच्या गर्दीत तात्पुरती उपचारकेंद्रे चालवण्याची जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला सवय आहे. त्या मांडणीत रुग्णालयाच्या दाराबाहेर सर्व्हे मीटर (किरणोत्सर्ग मोजणारे हातातले यंत्र) घेतलेल्या माणसाचे एक टेबल, नावनोंदणी आणि निर्धास्त झालेल्यांना लगेच घरी पाठवणारी वेगळी रांग, इतकी भर सरावात घालावी लागते.