गासडी, चाऱ्याची

वाळलेले गवत, लसूणघास किंवा भाताचा पेंढा दाबून सुतळीने वा तारेने आवळलेला गठ्ठा. चारा कापून शेतातच वाळवतात, दाताळ्याने ओळीत ओढतात आणि ट्रॅक्टरमागचे यंत्र तो उचलून कोठीत घेते; तेथे दट्ट्याने थरावर थर दाबला जातो. ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर राहिला, तर गासडी आतून तापते, बुरसते आणि क्वचित आपोआप पेटतेही.

एकोणिसाव्या शतकातील दाबयंत्रे एका जागी उभी असत. गवत त्यांच्यापर्यंत वाहून आणावे लागे व तार हाताने आवळावी लागे. दाबणे तुलनेने सोपे होते. खरी अडचण यंत्राने गाठ मारण्याची. ती प्रथम धान्यकापणीच्या यंत्रात सुटली, कारण तारेचे तुकडे जनावरांच्या पोटात जाण्याच्या भीतीने शेतकऱ्यांना सुतळी हवी होती. या गाठयंत्राचे जनकत्व सामान्यतः अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे जॉन ॲपलबाय यांना देतात. त्यांनी १८५८ च्या सुमारास, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याची लाकडी प्रतिकृती केल्याचे सांगितले जाते. त्यांचे प्रसिद्ध एकस्व (पेटंट) मात्र १८७८ चे आहे. दरम्यान इलिनॉयमधील रॉकफर्डच्या जेकब बेहेल यांनी १८६४ मध्ये चोचीच्या, म्हणजे पक्ष्याच्या चोचीसारख्या फिरत्या आकड्याने गाठ मारणाऱ्या, गाठयंत्राचे एकस्व घेतले होते. त्यामुळे चोचीची कल्पना बेहेल यांची आणि शेतात भरवशाने चालणारी जुळणी ॲपलबाय यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

क्रिया अशी : सुई सुतळी गासडीभोवती आणून चकतीच्या खाचेत अडकवते. चोच एक फेरी घेते, तिच्यावर फास पडतो; त्याच वेळी चोचीचा जबडा उघडून सुतळीची दोन्ही टोके धरतो. सुरी सुतळी कापते आणि फास चोचीवरून ओरबाडला जाऊन धरलेल्या टोकांवर बसतो. गाठ सुटू लागली की बहुधा जबड्याचा ताण किंवा बोथट सुरी तपासावी लागते.

शेतात फिरत आपोआप गासडी बांधणारे यंत्र १९३० नंतरच्या दशकातले. आयोवातील इनेस यांचे यंत्र १९३६ च्या आसपासचे मानतात. पेनसिल्व्हेनियाच्या एडविन नोल्ट यांनी त्यातलीच गाठयंत्रे काढून आपले यंत्र उभारले आणि १९४० पासून न्यू हॉलंड कंपनीने ते बाजारात आणले. गोल गासडीची वाट वेगळी : नेब्रास्काचे उमो लुबेन यांचे एकस्व १९१० चे, ॲलिस-चामर्स कंपनीचे यंत्र १९४७ चे, तर कित्येक क्विंटलांची मोठी गासडी १९७१ पासून व्हर्मीर यांनी रूढ केली.

महाराष्ट्रात भाताचा पेंढा व उसाचे पाचट यांच्या यंत्रगासड्या होतात. ज्वारीचा कडबा मात्र अजून बहुतांशी हातानेच पेंढ्या बांधून गंजीला लावतात व शेकड्याच्या भावाने विकतात.