अ‍ॅझासिटिडीन: एकदा नाकारलेल्या इंजेक्शनची पार्श्वभूमी

'रक्त कमी' ही तक्रार घेऊन येणारा माणूस पूर्व विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला नवा नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेल आहे, मलेरिया आहे, आणि बायकांमधली लोहाची कमतरता तर घरोघरी. त्यामुळे साठी ओलांडलेल्या एखाद्या शेतकऱ्याला बांधावर चालताना दम लागू लागला, चेहरा पांढराफटक पडला, की आधी लोहाच्या गोळ्या सुरू होतात. मग जिल्ह्याच्या दवाखान्यात एक-दोन पिशव्या रक्त चढतं. दोन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा दारात, 'आंगात रक्तच राह्यत नाही ना बाप्पा' म्हणत. यातल्या बहुतेकांचं कारण साधं असतं आणि साध्या उपायाने बरं होतं. थोड्यांच्या मात्र अस्थिमज्जेतच बिघाड असतो. तिथे पेशी तयार होतात, पण नीट पिकत नाहीत, आणि रक्तात येण्याआधीच मरतात. हा मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे एमडीएस. त्यातल्या काही रुग्णांचा आजार पुढे तीव्र रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे तीव्र ल्युकेमियात, जातो.

नागपूरला नेलं, कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला, बी-12ची कमतरता नाही याची खात्री केली (ती असली तरी सूक्ष्मदर्शकाखाली चित्र बरंचसं असंच दिसतं, म्हणून ही पायरी गाळू नये), की धोका जास्त असलेल्या रुग्णाच्या कागदावर बहुधा एक नाव येतं: अ‍ॅझासिटिडीन. नातेवाईक विचारतात, ही किमोच ना? मग केस कसे नाही गेले? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर या औषधाच्या साठ वर्षांच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाची एक फांदी सिकलसेलच्या वाटेने विदर्भातल्या गावांपर्यंत येते.

हे औषध जन्मलं प्रागमध्ये. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या विज्ञान अकादमीची सेंद्रिय रसायन आणि जीवरसायनशास्त्राची संस्था तिथे होती. अलोइस पिस्काला आणि फ्रान्तिशेक शोर्म यांनी 1964 मध्ये तिथे हा रेणू तयार केला. कल्पना फसवणुकीची होती. डीएनए आणि आरएनए ज्या चार-चार अक्षरांनी लिहिले जातात, त्यात सायटोसिन हे एक. त्याच्या कड्यातल्या पाचव्या जागेवरचा कार्बन काढून तिथे नायट्रोजन बसवला. पेशीला हे नकली अक्षर खरंच वाटतं, ती ते वापरते आणि फसते. त्याच वर्षी त्याच संस्थेत याचं जुळं भावंड डेसिटाबिनही तयार झालं. शोर्म तेव्हा अकादमीचे अध्यक्षही होते. 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, त्याविरुद्ध ते बोलले, आणि पुढच्या काळात अध्यक्षपद आणि संस्थेचं संचालकपद दोन्ही गेलं. जाता जाता सांगायचं तर एचआयव्हीच्या औषधोपचारातलं टेनोफोविरही याच संस्थेच्या अंतोनीन होली यांच्या कामातून आलं. आपल्या एआरटी केंद्रांवर रोज वाटल्या जाणाऱ्या गोळीतही थोडं प्राग आहे.

सुरुवातीला अ‍ॅझासिटिडीनकडे सगळ्यांनी पेशीमारक विष म्हणूनच पाहिलं. तेव्हाचा रिवाजच तसा होता: माणूस सोसेल तेवढी मोठी मात्रा द्यायची आणि कर्करोगाच्या पेशी आधी मरतील अशी आशा धरायची. आज देतात त्याच्या दुपटी-तिपटीने औषध दिलं गेलं. अमेरिकेत 1970 नंतर तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. काहींना गुण आला, पण उलट्या अनावर, पांढऱ्या पेशी तळाला, आणि गुण आला तरी फार टिकत नसे. शिवाय रेणू पाण्यात लवकर तुटतो, त्यामुळे सलाइनमधून तासन्‌तास देणं हीच एक कसरत. 1982 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीव्र मायलॉइड ल्युकेमियासाठी मंजुरी नाकारली. एखादं औषध इथेच संपतं. आणि त्या वेळच्या पुराव्यावर तो निर्णय चुकीचा होता, असं मला वाटत नाही.

मधल्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठात भलतंच काही दिसलं होतं. पीटर जोन्स आणि त्यांचे सहकारी उंदराच्या भ्रूणाच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवत होते. त्यांना अ‍ॅझासिटिडीन थोडं-थोडं दिलं. काही दिवसांनी ताटलीत लांबट, एकमेकींत मिसळलेल्या पेशी दिसू लागल्या, आणि त्या आकुंचन पावत होत्या. स्नायू! या पेशी स्नायूंच्या नव्हत्याच. 1977 मध्ये हे प्रसिद्ध झालं. विषाने पेशी मरायच्या, त्याऐवजी त्यांनी रूप बदललं होतं.

खुलासा 1980 मध्ये झाला. जोन्स तोवर लॉस एंजेलिसला होते. शर्ली टेलर यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की हा सगळा खेळ मिथाइल खुणांचा आहे. प्रत्येक पेशीत सगळेच जनुक असतात, पण नको असलेले बंद ठेवायला पेशी सायटोसिनच्या नेमक्या त्या पाचव्या कार्बनवर मिथाइल नावाचा छोटा गट चिकटवते. पेशीचं विभाजन झालं की नव्या धाग्यावर ह्या खुणा पुन्हा उमटवायला एक एन्झाइम फिरत असतं. अ‍ॅझासिटिडीनमध्ये त्या जागी नायट्रोजन. एन्झाइम येतं, चिकटतं, आणि सुटतच नाही. चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखं ते तिथेच अडकून पडतं. पेशी दोन-चार वेळा विभागली की खुणा पुसट होतात आणि दडपलेले जनुक जागे होतात. यासाठी मोठी मात्रा लागत नाही. उलट मोठ्या मात्रेने पेशी विभागायच्या आधीच मरते आणि हा परिणाम दिसायची संधीच जाते. नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. कागदावर ही किमोच, पण कमी मात्रेत तिचं काम बरंचसं वेगळं. केस सहसा टिकतात ते त्यामुळे.

आता सिकलसेलची फांदी. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर त्याचा जनुक मिथाइलच्या खुणांनी बंद होतो आणि प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होतं. सिकलसेलचा दोष या प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये असतो. म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करता आलं, तर पेशी विळ्यासारख्या वाकायच्या कमी होतील. जोसेफ डीसिमोन यांच्या गटाने बबून माकडांना अ‍ॅझासिटिडीन देऊन पाहिलं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन भराभर वाढलं. 1982 मध्येच, म्हणजे ज्या वर्षी मंजुरी नाकारली गेली त्याच वर्षी, थॅलेसेमियाच्या एका रुग्णात तोच परिणाम दिसल्याचं प्रसिद्ध झालं. मागोमाग सिकलसेलच्या रुग्णांतही दिसला.

यावर वाद पेटला. काही शास्त्रज्ञ म्हणाले, खुणा पुसण्याचा इथे संबंध नाही. मज्जेतल्या पेशी मारल्या की ती घाईने नव्या पेशी करते आणि त्या घाईत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त बनतं. तसं असेल तर खुणा न पुसणाऱ्या दुसऱ्या पेशीमारक औषधानेही तेच व्हायला हवं. पडताळणीसाठी निवडलं हायड्रॉक्सियुरिया: 1869 पासून माहीत असलेलं, स्वस्त, आणि तोंडाने घेता येणारं. 1984 मध्ये ते लागू पडल्याचं दिसलं. अ‍ॅझासिटिडीनने पुढे कर्करोग होईल ही धास्तीही होतीच, त्यामुळे सिकलसेलमध्ये ते मागे पडलं आणि हायड्रॉक्सियुरिया पुढे गेलं. 1995 मध्ये 299 प्रौढांवरच्या चाचणीत वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले, 1998 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

नागपूरला या गोष्टीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. नागपूरच्या 'मेडिकल'मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सियुरियाची कमी मात्रा, रोज किलोमागे 10 मिलिग्रॅम, आपल्याकडच्या मुलांत उपयोगी पडते हे 2012 मध्ये मांडलं. पाश्चात्त्य मात्रेपेक्षा ही बरीच कमी, म्हणजे रक्ततपासण्यांचा ताण कमी आणि खर्चही कमी. गडचिरोलीच्या शाळकरी मुलाच्या दप्तरात आज ती कॅप्सूल असेल, तर तिची वाट एका नाकारलेल्या इंजेक्शनवरून आलेली आहे.

अस्थिमज्जेच्या आजाराकडे अ‍ॅझासिटिडीन परतलं ते सावकाश. आधी आजाराची व्याख्या तरी पक्की हवी होती; फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश रक्ततज्ज्ञांच्या गटाने एमडीएसचं वर्गीकरण पूर्ण केलं 1982 मध्ये. त्यानंतर न्यूयॉर्कचे लुइस सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी मात्रा धरून चाचण्यांची मालिका चालवली. आधी सलग सात दिवस सलाइन, मग रुग्णाला दवाखान्यात पडून राहावं लागू नये म्हणून कातडीखाली टोचणं. ठरलेली मात्रा आजही तीच: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 75 मिलिग्रॅम, सात दिवस, दर 28 दिवसांनी. 191 रुग्णांची तुलनात्मक चाचणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली, मे 2004 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. एमडीएससाठी तिथे मंजूर झालेलं हे पहिलं औषध. डेसिटाबिन दोन वर्षांनी मागोमाग आलं. खरी खात्री पटली 2009 मध्ये: जास्त धोक्याच्या 358 रुग्णांत मध्यम आयुर्मान नेहमीच्या उपचारांवर 15 महिने, तर अ‍ॅझासिटिडीनवर 24.5 महिने. आजार बरा झाला नाही. पण साडेनऊ महिने वाढले, आणि या आजारात तोवर एवढं कुणी दाखवलं नव्हतं.

हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने 2013 मध्ये अमेरिकेत याची जेनेरिक आवृत्ती उतरवली. भारतातही आज जेनेरिक कुप्या मिळतात. तरीही सात दिवसांच्या कुप्यांचं बिल शेतमजुराच्या घराला झेपणारं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली आणि अमरावती होते) कर्करोगाच्या उपचारांना धरते, पण नेमकं कोणतं औषध कोणत्या पॅकेजमध्ये बसतं हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून आधीच लिहून घ्यावं.

आणि कुपी पाहायची असेल तर डे-केअरमध्ये पाहावी. आत 100 मिलिग्रॅम पांढरी भुकटी. सिस्टर 4 मिली निर्जंतुक पाणी घालते, हलवते, आणि ते स्वच्छ न होता दुधाळ गढूळ होतं. ते गढूळच असायला हवं. इथे गाळायचं नसतं. टोचण्याआधी सिरिंज दोन्ही तळव्यांत जोरजोरात घोळवायची, कारण भुकटी तळाशी बसते. 1.6 चौरस मीटर अंगाच्या माणसाला 120 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे 4.8 मिली, ते दोन सिरिंजमध्ये विभागून पोटावर, मांडीवर किंवा दंडावर वेगवेगळ्या जागी द्यायचं. साध्या पाण्यात कालवलेलं औषध खोलीच्या तापमानाला तासाभरातच टोचलं पाहिजे. इथे खोली म्हणजे 25 अंशांची. चंद्रपूरच्या मे महिन्यात 45 अंशांचा पारा असताना ही अट कागदावर सोपी दिसते तेवढी नाही, आणि प्रागच्या रसायनशास्त्रज्ञांना जो रेणू पाण्यात तुटताना दिसला तो हाच.

सात दिवस सलग म्हणजे मध्ये रविवार येतो. डे-केअर बंद, म्हणून पुष्कळ ठिकाणी पाच दिवस, दोन दिवस सुट्टी, मग दोन दिवस असं देतात. या वेळापत्रकावरही अभ्यास झालेला आहे आणि ते बहुतांशी मान्य आहे. भामरागड किंवा सिरोंच्याहून आलेल्या कुटुंबासाठी याचा अर्थ नागपुरात आठवडाभराचा मुक्काम, सोबतीला एक माणूस, आणि तो माणूस धानाची रोवणी सोडून आलेला. त्यात पहिल्या दोन फेऱ्यांनंतर रक्ताचे आकडे सुधारण्याऐवजी आणखी खाली येतात, रक्त चढवणं वाढतं, आणि घरी निर्णय होतो: औषध लागू पडत नाही, पुरे. खुणा पुसायला पेशींचं विभाजन व्हावं लागतं, त्याला वेळ लागतो. चार ते सहा फेऱ्या झाल्याशिवाय निकाल लावू नये हे पहिल्याच दिवशी, सोबत्यालाही समजेल अशा भाषेत सांगणं डॉक्टरांचं काम आहे. माझ्या मते उपचार अर्धवट सुटण्याचं सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण हे आहे. मधल्या काळात ताप आला तर मात्र गावातल्या गोळीवर थांबू नये, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं. पांढऱ्या पेशी खाली असताना साधा ताप साधा नसतो.

2020 नंतर चित्र पुन्हा हललं. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या ज्या वयस्कांना जबर किमो झेपत नाही, त्यांना अ‍ॅझासिटिडीनबरोबर व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या देण्याची पद्धत रूढ झाली. मोठ्या चाचणीत मध्यम आयुर्मान 9.6 वरून 14.7 महिन्यांवर गेलं. ज्या रोगासाठी 1982 मध्ये नकार मिळाला, तोच हा रोग. सिकलसेलची जुनी फांदीही वाळलेली नाही: डेसिटाबिन तोंडाने देऊन गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवण्याची छोटी चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्या लेखकांत डीसिमोन होतेच.

2020 मध्येच अ‍ॅझासिटिडीनची गोळीही अमेरिकेत मंजूर झाली. नागपूरच्या फेऱ्या वाचतील म्हणून तिच्याबद्दल विचारणारे पुष्कळ आहेत. पण ती इंजेक्शनच्या बदली घ्यायची नाही. आतड्यातून तिचा थोडाच भाग रक्तात पोचतो, मात्रा निराळी (रोज 300 मिलिग्रॅम, 14 दिवस), आणि तिची मंजुरी एमडीएससाठी नाही; ल्युकेमिया किमोने आटोक्यात आल्यावर तो तसाच राहावा म्हणून ती देतात. एमडीएसच्या रुग्णाला अ‍ॅझासिटिडीन तूर्त पोटावर टोचूनच घ्यायचं आहे, नाहीतर शिरेतून.